मासोळीचे फेरे

आमच्या ऑफिसात सकाळचा चहा आला की बाकीचे सगळे कप उचलत आणि कितीभाऊ आधी कपात डोकावून बघत.

"अर्धा सांगितला होता. हा खरंच किती हाये?"

चहावाला कपाळावर हात मारून घ्यायचा. "भाऊ, अर्धा म्हंजे अर्धा!"

"अर्धा तू म्हणून राह्यला. कपाले मालूम हाये का?"

त्यांचं खरं नाव मस्टरवर होतं आणि तिथेच राहिलं. ऑफिसात, गावात, तलावावर सगळे त्यांना कितीभाऊ म्हणत, कारण कुठलाही आकडा कानावर पडला की "खरंच किती?" हे त्यांच्या तोंडून निघायचंच. कुणी सांगितलं की बस दहाला येते, की यांचं "खरंच किती?" कुणी सांगितलं की मुलाला ऐंशी टक्के पडले, तरी तेच. त्या बापाने पुढे सहा महिने यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

ते सांख्यिकी सहायक. मी नवी कनिष्ठ अभियंता, तीही घाटावरची. तलाव सांभाळणारं आमचं ऑफिस गडचिरोलीच्या एका तालुक्यात, रस्त्याला लागून होतं. सूरजागडकडून येणारे खनिजाचे ट्रक दिवसभर दारावरून जात आणि फायलींवर तांबडी धूळ बसे. ती धूळ झटकायला माझ्याकडे फडकं होतं आणि कितीभाऊंकडे रंगाच्या ब्रशासारखा एक ब्रश. फडक्याने आकडे पुसले जातात असं त्यांचं म्हणणं. मला हसू यायचं आणि मी ते लपवतही नसे.

भित्रा माणूस. हे मी प्रेमाने लिहिते आहे, पण दुसरा शब्द नाही. घराला कुलूप लावून निघत, कोपऱ्यावरून परत येऊन कुलूप ओढून बघत, आणि पुन्हा कोपऱ्यावर गेले की आपण खरंच ओढून बघितलं की नुसतं वाटलं, याची काळजी लागे. रस्त्यातल्या डबक्याला वळसा घालत. पोहता येत नव्हतं, आणि पाण्याच्या खात्यात तीस वर्षं काढली होती. ते माजरीकडच्या कोळसा वसाहतीत वाढले. वडील खाणीत उतरणाऱ्यांना दिवे वाटायचे. किती दिवे दिले आणि किती परत आले हे जुळल्याशिवाय ते घरी येत नसत, आणि ते आल्याशिवाय घरात कुणी जेवत नसे. "माह्या लहानपणची भूक म्हंजे मोजनीची भूक होती म्याडम," असं एकदा म्हणाले होते. मला तेव्हा त्यात फक्त गंमत दिसली.

एकदा त्यांच्या बायकोने मला जेवायला बोलावलं. स्वयंपाकघरात ओट्यावर कागदाचे दहा चिटोरे, प्रत्येकावर मिठाची ढिगुली, आणि शेजारी सोनाराचा छोटा काटा.

"पाहा बाई," वहिनी म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षं झाले लग्नाले. या मानसाले अजून माह्या हातचं मीठ समजलं नाई."

कितीभाऊंना मात्र श्रोता मिळाला होता. वहिनींनी दहा वेळा 'एक चमचा' मीठ घेतलं होतं आणि दहाही वेळा वजन वेगळं भरलं होतं. मी म्हटलं, त्यात काय, हात आहे, इकडचं तिकडे होणारच.

"इकडचं तिकडे होत असन तं भेव नाई," ते म्हणाले. "कधी जास्त, कधी कमी. वरण कधी खारट, कधी अळणी. पन शंभर दिवसांचा हिशोब मांडला तं एका चमच्याले किती खारटपना येते, ते बरोबर निघते. लफडा कुठी हाये? पाहुने येनार हायेत, चार चमचे टाकायचे हायेत. आता हिचा हात भिते. तोंडानं चार म्हंते, टाकते तीन. आपन वहीत लिहितो चार. मंग चार चमच्याचं वरण तीन चमच्याइतकंच खारट लागते. अन् आपन काय म्हंतो? मीठ काही फार खारट नसते!"

"म्हंजे माहाच हात वाईट," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी सगळे चिटोरे डाळीत रिकामे केले. त्या दिवशी वरण इतकं खारट झालं की मी तीन तांबे पाणी प्यायले. कितीभाऊ मात्र एकेक घास चाखत खुशीत जेवले.

हे मिठाचं मी विसरूनही गेले असते. पण पुढे जे झालं ते सगळं त्या वरणातच होतं.

आमच्या ताब्यात एक मोठा जुना तलाव होता. भिंतीवर लोखंडी चाक, चाकाला उभा दांडा, दांड्याला आटे. चाक फिरवलं की आट्यांवरून दांडा वर चढतो आणि खालचं गेट उघडतं. तलाव भरत आला की ऑफिसातून हुकूम जायचा: पाच फेरे, दहा फेरे. पाणी नदीत उतरायचं आणि पाऊण तासाने खालच्या रपट्यावर पोचायचं. रपटा म्हणजे नदीच्या पात्रातून गेलेला बुटका रस्ता, कठडा नाही, काही नाही. नदीअलीकडच्या गावातल्या ढिवर बाया दर शुक्रवारी मासोळीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन त्या रपट्यावरून पलीकडच्या बाजाराला जात. कधी थांबायचं आणि कधी जायचं, हे त्यांना कुणी सांगत नसे. पाणी बघून त्या ठरवत.

मी ठरवलं की हे आपण सुधारायचं. मागच्या काही पावसाळ्यांच्या नोंदी काढल्या. आडव्या ओळीवर गेटचे फेरे, उभ्या ओळीवर रपट्याच्या खांबावर मोजलेली पाण्याची उंची. ठिपके टाकले, त्यांतून रेघ ओढली, रेघेवरून तक्ता केला. इतके फेरे असतील तर रपट्यावर इतकं पाणी. अगदी वीस फेरे उघडले तरी पाणी रपट्याच्या हातभर खालीच राहतं, असं रेघ सांगत होती. साहेब खूश झाले. पावसाळ्याआधी तक्ता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, लोकांच्या मोबाईलवर टाका, म्हणाले.

तक्त्याखाली दोन सह्या लागत होत्या, माझी आणि सांख्यिकी सहायकाची.

कितीभाऊंनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "हे फेरे कोनाचे हायेत?"

"म्हणजे? रजिस्टरातले."

"रजिस्टरात हुकूम हाये. गेटनं किती ऐकलं?"

"भाऊ, आता पुरे."

"हा आडवा आकडा आपन ठरवलेला हाये म्याडम, झालेला नाई. तक्ता नोका लावू."

"कारण सांगा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कारण मले सांगता येत नाई. पन रेघ झोपली हाये. वरच्या टोकाले पाहा, कशी झोपली हाये. मिठाचं ध्यानात हाये ना?"

मी हसले. मनात म्हटलं, कुलूप दोनदा ओढून बघणारा माणूस सही कशी करेल? मी एकटीने सही केली आणि दुसऱ्या रकान्यात 'रजेवर' लिहून टाकलं. ते माझ्यासमोरच बसलेले होते.

कारण त्यांना माहीत होतं. ते मला पुढे कळलं, पण इथेच सांगते.

गेटवर तुळशीरामभाऊ होते, निवृत्तीला चार महिने राहिलेले. त्यांचे वडीलही त्याच गेटवर. माणूस इतका प्रामाणिक की सरकारी दोरीचा तुकडासुद्धा घरी नेणार नाही. आधीच्या हिवाळ्यात खालच्या गावांसाठी पाणी सोडत, तेव्हा कितीभाऊ गेटवर जाऊन बसत आणि फेरे मोजत. खिशात चिंचोके घेऊन जात, आकड्याची एक हाक आली की एक चिंचोका या खिशातून त्या खिशात. समोर बसून मोजलं की फेरे बरोबर भरत. मग एकदा त्यांनी मोजणं सोडलं. तुळशीरामभाऊ चहाला गेल्यावर बोट लावून दांड्याचे वर आलेले आटे मोजले. रजिस्टरात वीस फेरे होते. दांडा पंधराच फेऱ्यांएवढा वर आला होता.

चहा पिऊन परत आलेल्या तुळशीरामभाऊंना त्यांनी एवढंच विचारलं, "खरंच किती?"

तुळशीरामभाऊंनी लपवलं नाही. गेटच्या खालच्या डोहात मच्छीमार सोसायटीचं मत्स्यबीज असतं, गावची जाळी असतात. दहापर्यंत काही नाही. पण दहाच्या वर पाणी धारेने पडतं आणि पिल्लं वाहून जातात. म्हणून त्यांचे वडील दहानंतर दर दुसऱ्या फेऱ्याला चाकाला नुसता हात लावून आकडा मोठ्याने म्हणायचे, चाक फिरवायचे नाहीत. मुलानेही तेच उचललं. "ते फेरे मासोळीचे हायेत साहेब," ते म्हणाले. "मोजाचे, पन फिरवाचे नाई."

हे खोटं आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. पण कागदावर आलं असतं तर चार महिन्यांवर आलेलं पेन्शन अडकलं असतं. कितीभाऊंनी तोंड मिटलं. तीस वर्षं ज्यांनी आकड्याला सवलत दिली नाही, त्यांनी एका माणसाला दिली. त्यानंतर मात्र त्यांची झोप उडाली, असं वहिनी सांगतात.

तुळशीरामभाऊ निवृत्त झाले. ठेक्यावरचा नवा माणूस आला, नागपूरकडचा, चांगला दणकट. त्याला मासोळीशी काही देणंघेणं नव्हतं.

पावसाळ्यातला शुक्रवार होता. दोन दिवस वरती पाऊस कोसळत होता. साहेबांचा हुकूम आला: वीस फेरे. मी गेटवर फोनने कळवलं आणि मोबाईलवर गावाला संदेश टाकला: वीस फेरे, तक्त्याप्रमाणे रपटा सुरक्षित.

कितीभाऊ आपल्या टेबलावरून उठून माझ्यापाशी आले. "कोन फिरवून राह्यला?"

"नवा माणूस. आत्ताच त्याचा फोन आला, झाले वीस."

त्यांनी माझ्या टेबलाची कड धरली. मग त्यांनी सगळं सांगितलं, भराभर, तुळशीरामभाऊंचं, आट्यांचं, हात लावून मोजलेल्या फेऱ्यांचं. "तुमची रेघ पंधराची हाये म्याडम. आज खरे वीस हायेत. अन् आज बाजार हाये."

मी गेटवर फोन लावला, लागला नाही. सरपंचाला लावला, लागला नाही. पाऊस असला की आमच्याकडे टॉवर आधी जातो. गेट एका दिशेला, रपटा दुसऱ्या. आता गेट बंद करून उपयोग नव्हता, पाणी निघालं होतं. मी स्कूटी काढली. डबक्याला वळसा घालणारा तो माणूस मागे बसला आणि सगळ्या रस्त्यावरच्या डबक्यांतून मी गाडी नेली तरी त्याने पाय वर घेतले नाहीत. फक्त दर थोड्या वेळाने माझ्या खांद्यावरून पुढे वाकून घड्याळ बघत होता. मी मनात एकच म्हणत होते, अजून कुणी निघालेलं नसू दे.

निघालेल्या होत्या. रपट्याच्या मध्यावर पोचलेल्या, एकीमागे एक, डोक्यावर टोपल्या. रपटा अजून कोरडा होता.

कितीभाऊ धावले. रपट्यावर चढले, हात पसरून ओरडले, "वापस फिरा! पानी येऊन राह्यलं!"

सगळ्यात पुढे सुमनबाई होती, तुळशीरामभाऊंची बायको. ती थांबली, पण परत फिरली नाही. "काऊन ओरडता भाऊ? मोबाईलवर आलं हाये ना, वीस फेऱ्याले काही होत नाई म्हनून. या बाईचीच सही हाये."

तिने माझ्याकडे हात केला. मी काठावर उभी होते. आयुष्यात इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

"सही चुकली!" मी ओरडले. "माझी चुकली! परत या!"

माझ्या ओरडण्याने नाही, तर त्या आवाजाने त्या वळल्या. पाण्याचा आवाज आधी येतो. वरच्या वळणावरून आला, आणि बाया पळत सुटल्या. पाणी रपट्यावर चढलं तेव्हा शेवटच्या दोघी घोटाभर पाण्यातून आल्या. चार टोपल्या गेल्या, कुणाच्या चपला गेल्या. काठावर एकच गलका.

कितीभाऊंनी मोजायला सुरुवात केली. प्रत्येकीच्या डोक्याकडे बोट, ओठ हलताहेत. मग जवळच्या एका तरुण सुनेला विचारलं, "किती जनी निघाल्या होत्या?"

"अकरा."

त्यांनी परत मोजलं. दहा. तिसऱ्यांदा खांद्याला हात लावून मोजलं. दहा. मीही मोजलं. दहाच.  माझ्या सहीपायी एक बाई नदीत होती.

रपट्याच्या खांबाला काहीतरी निळं अडकलं होतं, लुगड्यासारखं, पाण्यात वरखाली होत. मी ते बघेपर्यंत कितीभाऊ पाण्यात उतरलेसुद्धा होते. गुडघाभर, मांडीभर. मी किंचाळले, "भाऊ, तुम्हाला पोहता येत नाही!" त्यांनी मागे बघितलं नाही. कमरेपर्यंत गेले, हात पुढे केला, आणि पाय सुटला.

त्या बाया पाण्यातच जन्मलेल्या. सुमनबाईने उडी घेतली, तिच्या मागे दुसरीने तिचा पदर धरला, दुसरीचा तिसरीने. सुमनबाईच्या हाती कितीभाऊंची कॉलर लागली. ओढत आणून चिखलात टाकलं. त्यांच्या मुठीत निळं कापड होतं. टोपलीवर झाकलेलं फडकं.

"बाई नाई," ते धापा टाकत म्हणाले. "बाई कुठी हाये? अकरावी कुठी हाये?"

सुमनबाई बघतच राहिली. "अकरावी? भाऊ, आमी दहाच हाओत."

"अकरा सांगितल्या."

"नदीवर जातानी खरा आकडा कोन सांगते? गंगामायचा एक वाढवूनच सांगतो आमी. म्हंजे तिनं आमच्यातली मोजून नेऊ नये." तिने त्यांच्या मुठीतल्या फडक्याकडे बघितलं. "त्या अकरावीसाठी उतरला तुमी?"

कितीभाऊ चिखलात बसून होते. जन्मभर प्रत्येकाला विचारलेला प्रश्न त्या एका क्षणी ते विचारायचे विसरले होते. तो त्यांनी आता विचारला, अगदी हळू. "खरंच किती?"

"दहा, भाऊ. खरंच दहा."

त्यांनी पुन्हा एकदा सगळ्या मोजल्या. मग दोन्ही हातांत तोंड लपवून ते रडले, आणि मीही त्यांच्या शेजारी चिखलातच बसले.

चौकशी झाली. रपट्यावर पाण्याची उंची नेमकी किती होती, असं साहेबांनी विचारलं. कितीभाऊ म्हणाले, "मोजली नाई. बाया मोजत होतो." जबाबात त्यांनी लिहिलं की गेटचे आकडे खरे नाहीत हे मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. कुणामुळे खरे नाहीत ते लिहिलं नाही. त्यांची एक वेतनवाढ गेली. माझ्या जबाबात मी 'रजेवर' हा शब्द कुठून आला ते लिहिलं. तक्ता मी माझ्या हाताने भिंतीवरून काढला. नंतर दोन पावसाळे आम्ही फेरे सोडून दांड्याचे आटे मोजले, त्यातून नवी रेघ ओढली. ती आधीच्या रेघेपेक्षा पुष्कळ उभी होती. या वेळी सह्या दोन होत्या, आणि त्यांनी सही करायला आठ दिवस घेतले. मी एकदाही हसले नाही.

आता ते निवृत्त होऊन चंद्रपूरला असतात. मी अजून इथेच आहे. गेटला वीज आली, पण शुक्रवारी पाणी सोडायचं असलं तर मी आधी रपट्यावर जाते. मागच्या शुक्रवारी बाया निघाल्या होत्या. मी विचारलं, किती जणी?

"बारा," सुमनबाई म्हणाली.

मी मोजल्या. दहा. म्हटलं, गंगामायची एक धरून अकरा होतात, बारा कशा?

"एक कितीभाऊचा," ती म्हणाली. "त्या दिवशीपासून दोन वाढवून सांगतो आमी."

घरी येऊन मी त्यांना फोन लावला आणि हे सांगितलं.  पलीकडून तोच जुना घाबरा सूर. "नाई नाई म्याडम, सांगा त्याहिले. नदीवर जातानी मले नोका मोजू म्हनावं. मले पोहता येत नाई."

या शुक्रवारी मी त्यांचा निरोप दिला. सुमनबाईने चुंबळ नीट केली, टोपली डोक्यावर घेतली.

"पोहता येत नाई, ते मालूम हाये आमाले," ती म्हणाली. "म्हनूनच तं मोजतो."